ग्रेट हायवे: एक रस्ता, तीन मतदानं आणि घरी गेलेला नगरसेवक

१६ सप्टेंबर २०२५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सनसेट भागातल्या मतदारांनी आपल्या नगरसेवकाला मुदत संपायच्या आत घरी पाठवलं. जोएल एंगार्डिओ यांच्यावर ना लाचेचा आरोप होता, ना कुठल्या लफड्याचा. समुद्रकाठच्या एका रस्त्यावरून गाड्या कायमच्या हटवायच्या का, हा प्रश्न त्यांनी सबंध शहराच्या मतदानाला लावला होता. शहराने होकार दिला, आणि हा रस्ता ज्या भागाला लागून आहे त्या भागाने ठणकावून नकार दिला. त्यांना परत बोलावण्याच्या बाजूने सुमारे ६३ टक्के मतं पडली. मतदारांनी मुदतीआधी काढलेला हा त्या शहराचा पहिलाच सुपरवायझर. सुपरवायझर म्हणजे तिथला नगरसेवक; सगळ्या शहरात मिळून ते फक्त ११.

रस्ता बंद झाला, बाग झाली, बाग करणारा गेला, आणि तरीही ‘रस्ता पुन्हा उघडा’ ही मागणी थांबलेली नाही. गाड्या विरुद्ध सायकली अशा नेहमीच्या चौकटीत हे प्रकरण बसवलं की त्यातला खरा भाग निसटतो, असं माझं मत आहे. भांडण डांबरावर कमी आणि ‘ठरवणार कोण, कधी’ यावर जास्त आहे.

रस्ता कसा आहे

सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिम टोकाला प्रशांत महासागर आहे आणि त्याच्या कडेने ग्रेट हायवे जातो. वादातला तुकडा उत्तरेला लिंकन वे ते दक्षिणेला स्लोट बुलेव्हार्ड एवढाच, साधारण सव्वातीन किलोमीटरचा. चार पदरी. एका बाजूला वाळूच्या टेकड्या आणि ओशन बीच, दुसऱ्या बाजूला झाडोऱ्याची पट्टी, मग लोअर ग्रेट हायवे नावाचा समांतर छोटा रस्ता आणि त्यापुढे घरांच्या रांगा. या सव्वातीन किलोमीटरमध्ये गाडीला आडवा येणारा एकही चौक नाही. आहेत ते पादचाऱ्यांसाठीचे सिग्नल. त्यामुळे उत्तरेच्या रिचमंड भागातून दक्षिणेला डेली सिटीकडे किंवा सॅन मटेओ काउंटीतल्या नोकरीवर जाणाऱ्यांना हा रस्ता फार सोयीचा होता. महामारीआधी दिवसाला सुमारे १८ ते २० हजार गाड्या इथून जात.

मुळात हा सगळा भाग वाळवंटच होता. नकाशांवर त्याचं नाव ‘आउटसाइड लँड्स’, म्हणजे शहराबाहेरची जमीन. १९२९ साली समुद्रकाठचा रुंद रस्ता आणि फिरायची जागा यांचं थाटात उद्घाटन झालं. पुढे १९८० च्या दशकात रस्त्याखाली सांडपाण्याची मोठी पेटी बांधली गेली आणि तिच्यावर आजचा रस्ता उभा राहिला. वाळूला मात्र हे कधीच मान्य नव्हतं. वारा सुटला की टेकडी सरकते, पदर बुजतात, पालिकेची यंत्रं येतात, आणि तेवढे दिवस रस्ता गाड्यांसाठीही बंद. वर्षातून कित्येकदा असं व्हायचं, महामारीच्या आधीही. ‘रस्ता सुरू होता आणि मग बंद केला’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. तो अधूनमधून स्वतःच बंद पडायचा.

स्लोटच्या दक्षिणेचा पुढचा तुकडा, ज्याला एक्स्टेन्शन म्हणतात, त्याची गोष्ट आणखी बिकट. २०१० च्या हिवाळ्यातल्या वादळांत तिथला किनारा खचला आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या पदरांचा काही भाग समुद्राने गिळला. शेजारीच शहराचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. ते वाचवायचं तर रस्त्याला मागे हटावं लागणार, हे नियोजनकारांनी फार पूर्वी ओळखलं होतं. ओशन बीचचा २०१२ चा आराखडा हेच सांगतो, आणि एक्स्टेन्शन गाड्यांसाठी बंद करायचं हे २०२४ च्या मतदानाआधीच ठरलेलं होतं. हा मुद्दा पुढे लागेल.

बंद, अर्धा उघडा, पुन्हा बंद

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत लोकांना अंतर राखून फिरता यावं म्हणून रस्ता गाड्यांसाठी पूर्ण बंद झाला. त्या दिवसांत तक्रार करायला कुणाकडे फारसं कारणच नव्हतं. ऑफिसं बंद, शाळा बंद. मुलं सायकल शिकली, म्हाताऱ्या माणसांना सपाट आणि वाऱ्यावरची जागा मिळाली. आजूबाजूच्या गल्ल्यांत मात्र वाहतूक शिरली. त्या गल्ल्यांत नंतर गतिरोधक आणि थांब्याच्या पाट्या बसवाव्या लागल्या.

ऑगस्ट २०२१ मध्ये शाळा आणि ऑफिसं सुरू होताना महापौर लंडन ब्रीड यांनी मधला मार्ग काढला. सोमवार सकाळपासून शुक्रवार दुपारपर्यंत गाड्या, आणि शुक्रवारी बारापासून सोमवारी सकाळी सहापर्यंत माणसं. तिथे सगळे याला ‘तडजोड’च म्हणत. दोन्ही बाजू कुरकुरल्या. पण शनिवारी सायकल चालवणारा आणि मंगळवारी कामावर जाणारा हा बहुतेक वेळा एकच माणूस असतो, आणि त्याला ही व्यवस्था पुरेशी होती. डिसेंबर २०२२ मध्ये सुपरवायझर मंडळाने तिला प्रयोग म्हणून मंजुरी दिली. मुदत: ३१ डिसेंबर २०२५.

त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, मतदारांनी या विषयावर पहिला कौल दिला होता. प्रस्ताव ‘आय’ म्हणत होता की ग्रेट हायवे आणि गोल्डन गेट पार्कमधला जेएफके ड्राइव्ह हे दोन्ही गाड्यांना परत द्या. तो मोठ्या फरकाने पडला. सोबतचा प्रस्ताव ‘जे’ जेएफके ड्राइव्ह कायम गाडीमुक्त ठेवा म्हणत होता, तो मंजूर झाला. गाडीमुक्तीच्या बाजूच्या लोकांनी यातून निष्कर्ष काढला की शहर आपल्याबरोबर आहे. निष्कर्ष चूक नव्हता. पण त्या दोन रस्त्यांत एक मोठा फरक आहे. जेएफके ड्राइव्ह बागेच्या आत आहे आणि १९६७ पासून दर रविवारी गाड्यांना बंद असायचा. लोकांना त्याची दोन पिढ्यांची सवय होती. ग्रेट हायवे हा लोकांचा कामावर जायचा रस्ता होता.

आणि त्याच निवडणुकीत सनसेटमधून, म्हणजे डिस्ट्रिक्ट ४ मधून, एंगार्डिओ थोडक्या मतांनी निवडून आले. विद्यमान सुपरवायझर गॉर्डन मार यांना हरवून. प्रचारात त्यांची भूमिका तडजोडीच्या बाजूची होती. हे वाक्य पुढच्या सगळ्या रागाच्या मुळाशी आहे.

जून २०२४

तडजोडीची मुदत संपायला दीड वर्ष बाकी असताना, जून २०२४ मध्ये, एंगार्डिओ, मिर्ना मेलगर, मॅट डॉर्सी, राफाएल मँडेलमन आणि डीन प्रेस्टन या पाच सुपरवायझरांनी सह्या करून प्रस्ताव ‘के’ नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर टाकला: लिंकन ते स्लोट हा रस्ता खासगी गाड्यांना कायमचा बंद करा, तिथे सार्वजनिक जागा होऊ द्या. सॅन फ्रान्सिस्कोत चार सुपरवायझरांच्या सह्या मिळाल्या की प्रश्न थेट मतदारांसमोर जातो. मंडळात बहुमत लागत नाही, वॉर्डात सभा घ्यावी लागत नाही.

एंगार्डिओंचा युक्तिवाद कागदावर भक्कम होता, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करायला हरकत नाही. एक्स्टेन्शन जाणार म्हणजे ग्रेट हायवेवरून दक्षिणेला सरळ जाताच येणार नाही. स्लोटला डावीकडे वळून आत यावंच लागणार. मग या रस्त्याचं अर्धं आकर्षण संपलं. महामारीनंतर गाड्यांची संख्याही उतरून दिवसाला १४ हजारांच्या आसपास आली होती. सिग्नल जुने झालेले, बदलायला खर्च. वाळू उपसायचा खर्च दर वर्षीचा. शनिवार-रविवारी हजारो लोक येतात, हॅलोवीनच्या ‘ग्रेट हॉन्टवे’ला तर जत्राच भरते. प्रयोग तसाही संपणारच आहे, तर सगळ्यात जास्त लोक मतदानाला येतात त्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीतच विचारून टाकू. वाहतूक खात्याचा अंदाज होता की टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्याला सुमारे तीन मिनिटं जास्त लागतील.

तीन मिनिटं! हा आकडा पुढच्या वर्षभर सनसेटमध्ये चेष्टेचा विषय झाला. आकडा खोटा होता असं नाही. पण तो सरासरीचा होता, आणि सरासरी कुणाच्या दारात उभी राहत नाही. उत्तरेकडून येणाऱ्या गाड्यांना आता गोल्डन गेट पार्क ओलांडायला चेन ऑफ लेक्स नावाचा वळणावळणाचा अरुंद रस्ता घ्यावा लागतो. तो लिंकन वेला ४१ व्या अ‍ॅव्हेन्यूपाशी बाहेर पडतो, आणि तिथे रांग लागते. बाकीची वाहतूक सनसेट बुलेव्हार्डवर जाते. तो रुंद आहे, बराचसा भार पेलतो. म्हणजे शहराच्या हिशेबात नुकसान किरकोळ आणि ठरावीक दोन-चार चौकांत राहणाऱ्यांच्या हिशेबात रोजची डोकेदुखी. दोन्ही हिशेब एकाच वेळी बरोबर असू शकतात. वाहतूक अहवालांत नेमकी हीच गोष्ट दिसत नाही.

विरोधकांची आणखी एक अडचण फारशी बोलली गेली नाही. सनसेट हा मोठ्या प्रमाणावर चिनी-अमेरिकन कुटुंबांचा, स्वतःच्या घरांचा, तीन पिढ्या एकत्र राहणाऱ्यांचा भाग आहे. आजी-आजोबांना दवाखान्यात न्यायचं, मुलांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत सोडायचं आणि मग कामावर जायचं, हा एका गाडीतला एक फेरा असतो. सायकलने तो होत नाही. शहराच्या मध्याकडे जाणारी ज्युडा आणि टॅरव्हाल या मार्गांची ट्राम पूर्व-पश्चिम धावते. ग्रेट हायवे उत्तर-दक्षिण होता. त्यातून टॅरव्हाल रस्त्यावरचे दुकानदार ट्रामच्या कामासाठी कित्येक वर्षं खोदलेल्या रस्त्यापुढे बसून नुकतेच, सप्टेंबर २०२४ मध्ये, सुटले होते. ‘शहर आमच्या भागात येतं ते काहीतरी काढून घ्यायलाच’ ही भावना ‘के’ च्या आधीपासून तिथे होती. ‘के’ च्या प्रचाराला येल्पचे प्रमुख जेरेमी स्टॉपलमन यांच्यासारख्या तंत्रज्ञान क्षेत्रातल्या धनिकांनी मोठ्या देणग्या दिल्या, तेव्हा ती आणखी पक्की झाली.

५ नोव्हेंबर २०२४. ‘के’ ला शहरभरात ५४.७ टक्के मतं. डिस्ट्रिक्ट ४ मध्ये जवळपास ६४ टक्के विरोधात. शहराचा पूर्व भाग होकाराचा आणि पश्चिम भाग नकाराचा, असा सरळ दुभंग.

मतपत्रिकेवर काय नव्हतं

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक मतपत्रिकेच्या रचनेत आहे. २०२२ मध्ये लोकांना विचारलं, ‘पूर्ण उघडू का?’ ते नाही म्हणाले. २०२४ मध्ये विचारलं, ‘पूर्ण बंद करू का?’ ते जेमतेम हो म्हणाले. ‘आहे तसंच, आठवडाभर गाड्या आणि सुट्टीला माणसं, कायम ठेवू का?’ हे एकदाही विचारलं नाही. ‘के’ ला नकार दिला असता तर तडजोड २०२५ अखेरपर्यंत चालली असती आणि मग मंडळाने काही केलं नाही तर आपोआप संपली असती. म्हणजे ज्यांना तडजोड हवी होती त्यांच्यासाठी मतपत्रिकेवर चौकोनच नव्हता.

प्रयोगाला मुदत घालणं म्हणजे लोकांना शब्द देणं असतं. अमुक तारखेपर्यंत बघू, मोजू, मग बसून ठरवू. ती तारीख येण्याआधी निकाल मागितला की मोजणी कितीही चांगली असो, विरोधकाला वाटतं आपल्याला बोलवलं ते फक्त दाखवायला. एंगार्डिओंनी आणखी एक वर्ष थांबून, प्रयोगाचे आकडे हातात घेऊन, वॉर्डात पाच-दहा सभांत शिव्या खाऊन मग हा प्रश्न तीन पर्यायांसह मांडला असता तर कदाचित रस्ता तरीही बंद झाला असता. पण ते त्या खुर्चीवर असते असं वाटतं. कदाचित नसतेही, सनसेटचा राग एवढ्याने शमला असता याची खात्री नाही. पण ‘तुम्ही आम्हाला फसवलंत’ हे वाक्य तरी मागच्या बाकावर गेलं असतं.

मुदतीआधीची निवडणूक

१४ मार्च २०२५ ला रस्ता कायमचा बंद झाला. १२ एप्रिलला ‘सनसेट ड्यून्स’ नावाने बाग उघडली. डांबर तसंच राहिलं. त्यावर भित्तिचित्रं, स्केटिंगची जागा, व्यायामाची साधनं आली. लोकही आले, मोठ्या संख्येने आले, आणि यात सनसेटचे रहिवासीही होते. बागेतली तोडफोडही झाली.

दरम्यान सह्यांची मोहीम सुरू होती. एंगार्डिओंविरुद्ध निवडणूक लावायला ९,९११ सह्या हव्या होत्या. जवळपास ११ हजार जमा झाल्या. यातला विरोधाभास स्थानिक वर्तमानपत्रांनी चवीने छापला, आणि छापण्यासारखाच होता: २०२२ मध्ये शाळा मंडळाच्या सदस्यांना आणि जिल्हा सरकारी वकील चेसा बुडीन यांना मुदतीआधी हटवण्याच्या मोहिमांत एंगार्डिओ आघाडीवर होते. सनसेटच्या ज्या मतदारांना हे हत्यार वापरायची सवय त्या दोन मोहिमांनी लावली, त्यांनीच ते यांच्यावर चालवलं.

एक बाजू कोर्टातही गेली. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन कायद्यानुसार स्थानिक संस्था रस्ता वाहनांना बंद करू शकते, पण वाहतुकीसाठी त्याची गरज उरलेली नाही असा निष्कर्ष त्यासाठी लागतो. रोज हजारो गाड्या जाणाऱ्या रस्त्याची गरज उरली नाही असं मतपत्रिका कशी ठरवणार, हा दावेदारांचा मुद्दा. पर्यावरणीय आढावा टाळल्याचाही आरोप होता. गंमत अशी की गाड्या परत आणण्यासाठी पर्यावरण कायदा पुढे केला जात होता. सॅन फ्रान्सिस्कोत यात कुणालाच नवल वाटत नाही.

मत कुणाचं मोजायचं

‘के’ चे समर्थक म्हणतात, किनारा साऱ्या शहराचा आहे. शहराच्या मिशन भागात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीचा समुद्रावर तेवढाच हक्क जेवढा समुद्रासमोर घर असणाऱ्याचा. हे खरं आहे. विरोधक म्हणतात, फायदा सगळ्यांना वाटला आणि तोटा आमच्या गल्लीत ओतला. हेही खरं आहे. पण त्यांच्या बाजूची एक कच्ची कडी इथे दिसते: ग्रेट हायवे वापरणारे पुष्कळसे लोक रिचमंडचे होते, डिस्ट्रिक्ट ४ चे नव्हते. म्हणजे ‘ज्यांच्या दारातून रस्ता जातो त्यांनीच ठरवावं’ असं म्हटलं तर रोजच्या वाहनचालकांतले कितीतरी मतदानाबाहेर राहतात.

आपल्याकडे याचा एक जुना नमुना आहे, आणि तो रस्त्याचा नाही, दारूच्या दुकानाचा आहे. महाराष्ट्रात गावातलं किंवा वॉर्डातलं दुकान बंद करायचं तर तिथल्याच मतदारांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. नुसतं झालेल्या मतदानातलं बहुमत चालत नाही, एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. शेजारच्या वॉर्डातला पिणारा किंवा दुकानाचा मालक कितीही ओरडला तरी तो त्यात नसतो. त्रास ज्याला, मत त्याचं. दारूला हा न्याय सरळ लागू पडतो, कारण त्रास खरोखर त्या गल्लीतच राहतो. किनाऱ्याला तो तसा लागू होत नाही. पण निम्म्याहून जास्त मतदारांची अट, म्हणजे कायमचा बदल करताना उंबरठा वर ठेवणं, ही कल्पना ‘के’ च्या वेळी कुणाला सुचली असती तर बरं झालं असतं. कायमचा निर्णय आणि ५४.७ टक्के, यांचं फारसं जमत नाही.

आता उघडायचं म्हणजे काय उघडायचं

एंगार्डिओ गेल्यावर महापौर डॅनियल लुरी यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये बेया अल्कराझ यांना त्या जागी नेमलं. त्यांनी आठवडाभरात राजीनामा दिला. १ डिसेंबरला ॲलन वाँग यांची नेमणूक झाली. वाँग यांनी ‘के’ च्या विरोधात मत दिलेलं होतं. पण सुपरवायझर बदलल्याने रस्ता उघडत नाही. मतदारांनी केलेला ठराव मतदारांनीच फिरवायचा असतो, आणि त्यासाठी पुन्हा चार सुपरवायझरांच्या सह्या किंवा नागरिकांची सह्यांची मोहीम लागते. नंतर मतदान परत सगळ्या शहराचं, म्हणजे ज्या पूर्व भागाने ‘के’ मंजूर केला त्याचंही.

मागणीही बदललेली आहे, याकडे बाहेरचे लोक लक्ष देत नाहीत. आज उघडा म्हणणाऱ्यांतले पुष्कळजण २०२२ च्या प्रस्ताव ‘आय’ सारखं सगळं परत मागत नाहीत; त्यांना ती जुनी तडजोड हवी आहे, आठवडाभर गाड्या आणि सुट्टीला बाग. ती पहिल्यांदा होती तेव्हा रस्ता मोकळा होता, शुक्रवारी दुपारी फाटक लावलं की झालं. आता त्या डांबरावर चित्रं आणि स्केटिंगची जागा आहे. दर सोमवारी पहाटे ती हलवणार कोण, हा प्रश्न कुठल्याही नव्या प्रस्तावाला आधी सोडवावा लागेल. सिग्नल बदलायचा आणि वाळू उपसायचा खर्चही मग पुन्हा पालिकेच्या डोक्यावर.

आणि स्लोटला वळण आहेच. उद्या उत्तरेचा तुकडा सोमवार ते शुक्रवार उघडला तरी एक्स्टेन्शन गेल्यावर डेली सिटीकडे निघालेल्या गाडीला समुद्र सोडून स्लोटवरून आत यावं लागेल, आणि मग स्कायलाइन या रस्त्याच्या चौकात बाकीच्यांबरोबर थांबावं लागेल. २०१९ चा ग्रेट हायवे कुठल्याही मतपत्रिकेतून परत येत नाही. सनसेटच्या सभांत हे सांगणारा माणूस आधी विचारला जातो, तू कुठे राहतोस?